अठराच धरा
कॉफी थंड झाली तरी चालेल, आधी हे ऐका. माझे मामा मुलाकडे कायमचे अमेरिकेला निघाले होते. जायच्या आधी गोल्फचा शेवटचा डाव खेळायचा म्हणून आम्ही दोघं तंजावरहून डोंगरावरच्या मैदानावर गेलो. पंधरा वर्षांत मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं.

काउंटरवरच्या माणसानं फोनमध्ये पाहिलं. "सर, तुमचा हँडिकॅप इथं एकवीस."

"अय्यो! आमच्या नेहमीच्या तिरुच्चीच्या मैदानावर तर अठरा आहे! अजून एक फटका मारला नाही, आणि मी इतका वाईट झालो?"

मामा म्हणाले, "अरे, हे मैदान अवघड आहे. म्हणून शेवटी तुझ्या फटक्यांतून अठराऐवजी एकवीस वजा होतील. माझेही वाढलेत. घे गुमान."

"दया नको. माझे अठराच धरा."

खेळ संपला. वजाबाकी करून मामांचे पंचाहत्तर, माझे सत्त्याहत्तर. कमी फटकेवाला जिंकतो, म्हणजे पुन्हा मामाच.

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण सोडेचनात.

"एकवीस घेतले असतेस तर चौऱ्याहत्तर झाले असते. आज तू मला हरवलं होतंस रे!"

मी तिथंच गवतावर बसलो.