पक्ष्यांच्या तापाला घोडा

—नाही, बसा आधी, उभ्यानं ऐकण्यासारखं नाहीये हे. तुमचा दुसरा रिपोर्ट आलाय—आलाय म्हणजे मीच केलाय. पहिल्यात काय लिहिलं होतं? बर्ड फ्लू होऊन गेल्याची खूण नाही. आता आहे. चांगली ठळक आहे. दुसऱ्या पद्धतीनंही ताडून पाहिलं, तेच आलं. म्हणजे शेडमध्ये कोंबड्या पटापट मरत होत्या तेव्हा तुम्हाला चढलेला ताप खराच होता, आणि त्यांच्याकडूनच आलेला.

मग आधी का नाही दिसलं? सांगते. तुमच्या रक्ताचं वरचं पाणी घ्यायचं, त्यात विषाणू घालायचा—मेलेला असतो, घाबरू नका—आणि वरून एखाद्या प्राण्याच्या तांबड्या पेशी. आजार होऊन गेला असेल तर तुमचं रक्त विषाणूला अडवतं आणि पेशी निमूट तळाशी बसतात, बटणासारख्या. नसेल तर विषाणू त्यांना धरतो, त्या पसरून राहतात. आता प्राणी कुठला? रोग कोंबडीचा तर पेशीही कोंबडीच्या—वाटतं ना तसं? पण नाही. या विषाणूला घोड्याच्या पेशी जास्त मानवतात; कोंबडीच्या घेतल्या की माणसातली बारीकशी खूण निसटते. तो भिंतीवरचा कागद वाचा, 'पक्ष्यांच्या तापाला घोडा'. अक्षर माझंच आहे.

घोडा नव्हता का त्या दिवशी? होता. फ्रिजमध्ये, दुसऱ्या कप्प्यात, सीलबंद. पण घोड्याच्या पेशी बसायला तास घेतात, कोंबडीच्या अर्ध्या तासात उरकतात—वाजले होते सव्वाचार, आणि पाचला मला दाताच्या डॉक्टरकडे पोचायचं होतं. म्हणून कोंबडी. डॉक्टर आलेच नव्हते म्हणा त्या दिवशी—ते जाऊ दे. हे तुम्हाला सांगायचं नव्हतंच खरं तर. साहेब म्हणाले, नुसतं 'सुधारित अहवाल' म्हणा आणि सही घ्या.

गुरुवारी तुम्ही तो पहिला रिपोर्ट घेऊन खिडकीशी आलात. भांडला असतात तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावून पाठवलं असतं. तुम्ही फक्त विचारलंत, "ताई, खरंच काहीच नाही?" आणि मुकादम तुम्हाला कामचुकार म्हणतो, बायको माहेरी निघून गेली—ताप कसला, दहा दिवस पिऊन पडला होता, म्हणाली—हे तुमचा भाऊ मागे थांबून सांगून गेला, तुम्ही नाही. मग उरलेला नमुना काढला. घोडा उघडला. तासभर खुर्चीतून हलले नाही.

इथे सही. तारीख. ही प्रत मुकादमाला, ही तुमची.

बायकोला? तुमच्या हातातला कागद ती बघणार नाही, मी असते तर मीही बघितला नसता. ती फोन घेते तुमचा? नाही ना. माझ्यावरून लावते. नंबर सांगा. सांगा हो.

वाजतोय... हॅलो, मी प्रयोगशाळेतून बोलतेय. तुमचे मिस्टर माझ्यासमोर बसलेत. ते खोटं बोलत नव्हते. रिपोर्ट चुकला होता... नाही, मशीन नाही. मी. माझ्यामुळे चुकला... हो. आहेत, देते.

घ्या. बाहेर व्हरांड्यात जाऊन बोला, मला इथे पुढचे नमुने लावायचेत.