५००=०० या रकमेबाबत

मी, शुभंकर देवीदास कापगते, वय २३, धंदा मोबाईल दुरुस्ती व ॲप तयार करणे, शिक्षण बीसीए दुसऱ्या वर्षापर्यंत, राहणार कोहका, भिलाई, ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की,

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहावर नवे छप्पर टाकायचे आहे. त्याच्या वर्गणीसाठी मी विनामूल्य ॲप करून दिले. वर्गणी रोख, खजिनदार सिंधुताई लांजेवार यांच्याकडे द्यायची आणि रक्कम ज्याची त्याने आपल्या फोनवरून ॲपमध्ये लिहायची, असे ठरले होते. कमी देणाऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून ॲपवर फक्त एकूण रक्कम दिसते.

रविवारच्या बैठकीत सचिव कमलेश हटवार यांनी ॲपवरून २,३९,५०० ही रक्कम वाचली. सिंधुताईंच्या डब्यात ४१,५०० निघाले. कमलेशभैया म्हणाले, "काकू, बाकीचे कोणत्या डब्यात ठेवले?" काही जण हसले. काकू म्हणाल्या, "लोकायनं जे देल्लं ते एवढंच हाय." त्यांच्याकडून सभागृहाची किल्ली घेण्यात आली. मी तेथे हजर होतो.

सोमवारी दुपारी शामसुंदर देशकर माझ्या दुकानात आले. ते मंडळाचे वर्गणीदार, कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले क्लार्क आहेत. त्यांनी रक्कम कशी लिहिली ते मी करून दाखवायला सांगितले. त्यांनी ५००=०० असे लिहिले. मी कारण विचारले. ते म्हणाले, "असंच लिवतात बाबू. रक्कम उघडी ठेवली तं कोणी पुढं शून्य लावून देते."

लोक रु., स्वल्पविराम, /- असे काहीही लिहितात, म्हणून ॲप अंक सोडून बाकी सर्व चिन्हे काढून टाकते. मराठी अंकही लिहिता यावेत म्हणून मी नेहमीचा कीबोर्ड ठेवला होता. त्यातले = हे चिन्ह निघून गेले आणि मागची दोन शून्ये पाचशेला चिकटली. ५०० चे ५०,००० झाले. ॲपमधल्या नोंदी तपासल्या तेव्हा देशकर धरून चार निवृत्त क्लार्कांनी ५००=०० असेच लिहिलेले आढळले. ते प्रत्येकी ५०० धरले तर बेरीज ४१,५०० येते.

त्याच संध्याकाळी मी वैशाली नगरला कमलेशभैयांच्या घरी जाऊन हे त्यांना फोनवर करून दाखवले. त्यांनी स्वतःही एकदा लिहून पाहिले. नंतर म्हणाले, "आजच ठीक करून टाक. अन् कोणाले सांगू नको, तुयंच नाव खराब होईन." मी विचारले, "मंग काकूचं?" ते म्हणाले, "वो मैं देख लूँगा." चहा आला होता, तो मी घेतला नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी या ठाण्यात सिंधुताईंविरुद्ध तक्रार दिली. त्या तक्रारीत ॲपचा उल्लेख आहे, बिघाडाचा नाही, असे मला येथे समजले.

रविवारच्या आधीच्या बैठकीत सिंधुताईंनी कमलेशभैयांकडे मांडवाच्या खर्चाची पावती मागितली होती. ती माझ्या माहितीप्रमाणे अजून आलेली नाही. त्यावरून मी काही म्हणत नाही.

मी ॲपमध्ये मागाहून फेरफार केला काय, असे मला दोनदा विचारण्यात आले. केलेला नाही. कमलेशभैयांनी सांगूनही बिघाड दुरुस्त केला नाही, कारण तो दुरुस्त झाला असता तर दाखवायला काहीच उरले नसते. आता ठाणेदार साहेबांनी स्वतः ५००=०० लिहून पाहिले. एकूण रक्कम पन्नास हजाराने वाढली. फोन मी ठाण्यात जमा केला आहे.

वरील जबाब मी मराठीत माझ्या हाताने लिहून दिला. ठाण्याचे लेखनिक मुन्शीजी यांनी त्याचे हिंदी करून मला ऐकवले. त्यात एके ठिकाणी "चोरी" हा शब्द आला. तो माझा नाही, असे सांगून मी खोडायला लावला. पुन्हा ऐकला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. मगच सही केली.

शुभंकर देवीदास कापगते