मध-पाव भरवतानाचं बोलणं

बल्गेरियातल्या याम्बोल गावच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात नंबर माझा होता, पण ही म्हातारी कोपर मारून पुढे घुसली.

"प्लामेन, ह्या पेनड्राइव्हवर पोराच्या लग्नाच्या व्हिडिओची डिस्क आहे. दारात रीतीप्रमाणे सुनेला मध-पाव भरवताना मी 'खा, भिकारड्याची लेक' म्हणाले. तेवढं पुसून टाक."

"नेदकाआजी, ही डिस्कची एकाच फाइलीतली अख्खी नक्कल आहे. ती नुसती वाचता येते, आतलं काही बदलता येत नाही."

"मग तू इथे माश्या मारायला बसलायस?"

"सगळं बाहेर काढतो, तेवढं कापतो आणि नवी नक्कल बनवतो."

"आणि जुनी?"

"जुनी आहे तशीच राहते. मूळ डिस्क कुणाकडे आहे?"

"सुनेकडे. तिनेच ही नक्कल पाठवली, लग्नानंतर बारा वर्षांनी."

"मग नवी बनवू?"

"कुणासाठी रे? मला वाटायचं, बँडच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही."