पोळ्याच्या पोळ्याला बाहेर येणारी बाटली

मधुसूदन : सीलसुद्धा तसंच! दादा, अकरा वर्षं झाली मी ही बाटली आणून. उघडलीच नाही तुम्ही?

मनोहरराव : मुरू देऊन राहिलो होतो. तूच म्हटलं होतं ना गा, जितकी जुनी तितकी चांगली.

मधुसूदन : पिपात, दादा, पिपात! ही बर्बन आहे, मक्याची व्हिस्की. आतून जाळलेल्या लाकडी पिपात आठ वर्षं ठेवली होती त्यांनी, तिथं मुरली. बाटलीत भरली की मुरणं संपलं. कैरीचं लोणचं आहे का हे?

मनोहरराव : मले काय माहीत? अमेरिकेले तू गेलता. मी कुहीहून नागपूरले येतो, तेही तुझ्या घरी.

मधुसूदन : आणि मोहाची दारू? ती नाही मुरू दिली कधी! रोज संध्याकाळी नत्थूच्या घरी जाऊन ढोसली. आज सकाळी धंतोलीत डॉक्टरनं काय सांगितलं? लिव्हर गेलं, आता थेंबही चालणार नाही. आणि मी विमानात मांडीवर सांभाळून आणलेली बाटली वहिनीच्या लुगड्यांत पडून! आज पिशवीतून काढून मलाच परत देता?

मनोहरराव : हळू बोल. देवकी आत आहे.

मधुसूदन : ऐकू दे माझ्या बायकोला! मी आणलेल्या वस्तूची कदरच नव्हती तुम्हाला.

मनोहरराव : कदर? अख्ख्या गावाले दाखवली मी. शेजारच्या अंजनाबाईचा जावई घोटभर मागत होता, त्याले दारातून हाकललं. मोहाची एकट्यानं पिता येते गा. हे एकट्याची नव्हती.

मधुसूदन : मग मला म्हणायचं होतं!

मनोहरराव : दर पोळ्याले तू गावी येत होता, अन् दर पोळ्याले मी ते कपाटातून काढून तुह्यासमोर ठेवत होतो. काहून ठेवत होतो, पुजाले? तू तिच्याकडं पाहे अन् म्हणे, दादा, मी जरा वावरात जाऊन येतो.

मधुसूदन : मोठ्या भावासमोर कसा बसणार? बाबा गेल्यावर तुम्हीच वाढवलं मला. तुमच्यासमोर मी साधी विडी नाही ओढली. तुम्ही एकदा 'बस' म्हटलं असतं तर...

मनोहरराव : लहान्या भावाले दारू पी म्हणू का मी आपल्या तोंडानं? तुले जीभ नव्हती?

मधुसूदन : अकरा पोळे, दादा! अकरा! तुमच्यावर चिडू की स्वतःवर, तेच समजत नाही मला.

मनोहरराव : चिल्लावू नको. फोड ते.

मधुसूदन : डॉक्टरनं...

मनोहरराव : पिऊन नाही राहिलो! नाक तं शाबूत आहे ना माझं? फोड म्हटलं ना!

(मधुसूदन रागारागानं सील ओरबाडतो आणि पेल्यात दोन बोटं ओततो. मनोहरराव पेला नाकाशी धरून डोळे मिटतात. मधुसूदनला त्यांच्याकडं पाहवत नाही.)

मनोहरराव : अरे... गुळाची कढई उतरवल्यावर तळाशी जे करपते ना, तो वास. मंग लाकूड. अन् मागून भाजलेल्या शेंगा.

मधुसूदन : तिकडच्या भट्टीवरचा म्हातारा कारागीरही हेच सांगत होता. आधी वास, मग घोट.

मनोहरराव : वास माझा झाला. घोट तुझा. घे.

मधुसूदन : तुमच्यासमोर?

मनोहरराव : मंग कोणासमोर? कशी लागते ते मले नीट सांग. खोटं सांगशील तं थोबाडीत देईन.

मधुसूदन : बरं, दादा.

मनोहरराव : अन् पाठ काहून फिरवून राहिला गा? इकडं तोंड करून पी.