एका पाटीतली भाजी

हां हां हां... हात लावू नका! बाजेला! अहो पाव्हणं, पायाचं तर सोडाच, बाजेला नुसता धक्का लागला तरी अंगठ्यात इंगळी नांगी मारती... तिकडं घोंगडीवर बसा, जरा लांब बसा, अन् माशी आली तर हाकला, कारण माशी बसली तरी कळ मस्तकात जाती! बगा अंगठा. बगा, लाजू नका, समदं गाव बगून गेलंय. भरताचं वांगं हाय का न्हाई? आता तुमी इचारणार, "मुंजाजी, असं कशानं झालं?" भाजी खाल्ल्यानं! व्हय, गाव तेच म्हणायलंय. मी घसा कोरडा करून सांगायलो की बाबांनो, मटणानं झालं, एका घासानं झालं... पण ऐकतंय कोण? पाय मपला, पोट मपलं, जीभ मपली, अन् हुकूम लोकाचा!

तुमी ताडकळसचे पाव्हणे, तुमाला मुळापासून सांगतो. हेच, निजाम सरकारच्या ज्युबिलीचं साल. त्या आधी माझा काय थाट व्हता म्हणून सांगू! पंचक्रोशीत कुठंबी बोकड पडू द्या, मुंजाजीची नळी बाजूला काढून ठेवलेली. मागायचं कामच न्हाई! नळी ताटावर ठोकायची, अन् आतला मगज असा सुर्रकन ओढायचा... जाऊ द्या, तोंडाला पाणी सुटलं की अंगठा ठणकतो. तर ह्या साली पेरणीच्या तोंडावर, बैलं दारात, तिफण दारात, अन् मी उठाया जातो तर अंगठा टम्म! भुईला टेकंना. लोक रानात, अन् मी बाजेवर पडून लोकाच्या बैलाची घुंगरं ऐकायलो. शेतकऱ्याला दुसरा नरक कशाला पाहिजे?

आमच्या मालकिणीनं, कडूबाईनं, काय करायचं ठेवलं न्हाई. एरंडाचं पान बांधलं, हळद थापली, बिब्बा लावला... बिब्ब्यानं काय झालं, अंगठा व्हता तसाच अन् वर फोड आले! मग आमचा चुलतभाऊ भुजंग आला. नाडी न्हाई, जीभ न्हाई, दारातूनच म्हणतो, "दादा, पायाचं दुखणं पायानंच जातं. बोकडाच्या चार पायांचा रस्सा पी, दोन दिवसांत पळशील." मी प्यालो. लोट्यानं प्यालो! दुसऱ्या दिवशी दुसरा अंगठाबी सुजला. भुजंग म्हणतो, "बग, औषध लागू पडायलंय, दुखणं हलायलंय!"

शेवटी गाडी जुंपली, चुडाव्याचं टेशन गाठलं अन् आगीनगाडीनं परभणीला हकीमाकडं. रुळाचा एकेक सांधा माझ्या अंगठ्यातून गेला म्हणा. हकीमसायबानं मनगट धरलं, डोळे मिटले, अन् खूश होऊन म्हणतेत, "क्या जी पटेल, ये तो बादशाहों की बीमारी है!" मी म्हणलं, सायेब, बादशाहाची हाय तर बादशाहालाच धाडा की, आमी सारा भरायलोत तेवढं बास न्हाई का... मनात म्हणलं हां, मोठ्यानं कोण म्हणल, बाहेर निजामाचा जवान उभा व्हता! मग त्यांनी पथ्य सांगितलं. "पटेल, जो उगता, वो खाओ. जो चलता, वो नक्को खाओ. चलते सो चीजां खाये तो खानेवाले का चलना बंद." मी म्हणलं, सायेब, अंडं तर चालत न्हाई, गप बसून असतंय. म्हणतेत, "आज बैठा, कल चलता." बरं, दूध? "गाय चलती कि नहीं?" बरं, तूप? तवा मात्र डोळे वटारले, "पटेल, चलना है कि खाना है?"

मला चालायचं व्हतं हो. रानात. मपल्या पायानं, तिफणीमागं. म्हणलं, सोडलं! आजपासून जे उगतंय तेच.

घरी येऊन सांगितलं तर कडूबाईनं पदर डोळ्याला लावला. "अवं, सुतकातलं जेवण रोज खाणार व्हय तुमी? लोक काय म्हणतेल, घरात कोण गेलं म्हणून?" अन् लोक म्हणायचे ते म्हणलेच! एक म्हणतो, मुंजाजीनं माळ घातली. दुसरा म्हणतो, माळ कशाची, चिक्कू झालाय. भुजंग चावडीवर म्हणतो, "दादा वैरण खायलाय, पोळ्याला त्याचीबी शिंगं रंगवावी लागतेल!" लग्नाच्या पंगतीत मी ताटावर आडवा हात धरला, तर वाढपी काय म्हणतो? "फोड नका घेऊ मामा, नुसता रस्सा घ्या. रस्सा काय चालतो का?" रस्सा चालत न्हाई, खरंय, पण रस्सा ज्याचा हाय तो तर चालत व्हता ना रे! तेवढं म्हणेस्तवर ताटात वगराळं उपडं! जीभ मपली, हुकूम लोकाचा.

म्हणलं, आपल्याला समजून घेणारा एकच माणूस, आमचा सिद्रामप्पा वाणी. लिंगायत माणूस, सात पिढ्यांत मटणाचा वास न्हाई. लय खूश झाला. "मुंजाजीराव, आता तुमी आमच्यातले! सोमवारी घरी परसादाला या." गेलो. मोठ्या हौसेनं गेलो. शांतम्मानं काय तीळकूट केलं व्हतं, काय आंबाडीची भाजी! पण पाट कुठं मांडला माझा? पंगत आत, अन् मी ओसरीवर! मी अप्पाच्या तोंडाकडं बगायलो. अप्पा हळूच म्हणतो, "राग मानू नका, सोडलं ते झ्याक केलं... पण आधीचं पोटात हाय ना अजून!" घ्या! मराठ्याच्या पंगतीत मी वाणी, अन् वाण्याच्या पंगतीत मी मराठा. नळी गेली, अन् पाटबी न्हाई.

तरी मी डगलो न्हाई, तुमाला सांगतो. जोंधळ्याची भाकरी, जवसाची चटणी, करडईचं तेल, अन् भाजी. तांदुळजा, चुका, शेपू, पाथरी, घोळ, बांधाला जे जे उगतंय ते ते पोटात. कडूबाई रोज पाटी भरून भाजी खुडून आणायची, अन् तवाच तिनं तुमच्या ताडकळसच्या बाजारातून एक करडू आणलं. काळं, कपाळावर चांदणी. मी इचारलं, कामून आणलं हे? म्हणली, "असू द्या दारात." मी म्हणलं असू द्या, बिचारीचा जीव रमल.

मग काय, आमचं दोघांचं एकच पथ्य! मी बाजेवर, ते बाजेखाली. कडूबाई पाटी घिऊन मधी बसायची, पानं मला, देठं त्याला. गाव हसायचं, भुजंग टोमणे मारायचा, पण ते करडू न्हाई कधी हसलं. मान खाली घालून मुकाट्यानं मपल्यासारखं खायचं. मी त्याचं नावच ठेवलं जोडीदार. समद्या गावात माझ्या पंगतीला बसणारं तेवढंच एक!

अन् दुखणं उतरलं की हो! आधी भुई टेकली, मग अंगण, मग वेशीपतूर. मी काठी घिऊन निघालो की जोडीदार मागं. दोरी न्हाई, दावं न्हाई. मिरगाची पेरणी हुकली ती हुकली, पण दसरा सरला अन् रब्बीच्या पेरणीला ह्याच पायानं, हां, ह्याच, मी तिफणीमागं चाललो! काळी भुई पायाखाली अशी मऊ लागली... डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. एक गोष्ट मात्र तवा माझ्या ध्यानात आली न्हाई. त्या दिवसांत कडूबाई कोवळी पानं जोडीदाराला टाकायली व्हती, अन् देठं माझ्या कालवणात! मला वाटलं, बाईची नजर कमी झाली असंल.

पेरणी आटपली त्या दिवशी मी ऐटीत म्हणलं, बगितलं का भाजीची करामत? तर कडूबाई म्हणती, "भाजी? गावात भाजी कोण खात न्हाई? भाजीनं न्हाई, पीरानं बरं केलं तुमाला! मी नवस बोलले व्हते. धनी पायावर उभे राहू दे, कंदुरी करीन." मी म्हणलं, कंदुरी? म्हंजी बोकड? आपल्याकडं बोकड कुठंय? तिनं नुसतं बाजेखाली बगितलं.

जोडीदार! मटण सोडून बरा झालो, अन् बरा झालो म्हणून गावाला मटण! अन् आमच्याकडची रीत म्हाईत हाय ना? ज्याच्या नावानं नवस, पहिला घास त्याचा. त्यानं खाल्ल्याबगर पंगत उठत न्हाई, नवस फिटत न्हाई. मी म्हणलं, कडूबाई, नारळ फोड, मलिदा वाट, पण हे नको. त्या घासानं मी परत बाजेवर येईन. तवा ती रडायली. "तुमी बाजेवर व्हते तवा मी उन्हाचं अनवाणी जाऊन पीराला शब्द दिलाय. तळपायाचं कातडं निघालं, तुमाला दाखवलं न्हाई. शब्द मोडला अन् तुमाला काई झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू? तुमाला पथ्य हाय, मला कुकू हाय." हकीमाला उलटं बोलता येतं, गावाला शिव्या देता येतात... त्या तळपायाला काय बोलावं?

तरी दर्ग्यावर गेलो. मुजावरबाबाला म्हणलं, बाबा, पीराला भाजी चालल का? तो बिचारा डोकं खाजवून म्हणतो, "पटेल, मेरेकू कुछ बी चलता. पर तुम्हारे घर से पीर को बकरा बोले, मैं बीच में भाजी कैसा बोलूं?" तवर भुजंगानं तीन गावांत आवतन धाडलेलं! "दादा, तू फक्त पहिला घास घे, बाकीचं आमी बगतो!" बगणारच की रे, त्याच्यासाठीच जन्म तुझा!

कंदुरीचा दिवस. लोक म्हणले, बोकडाला दोरी बांधा. मी म्हणलं, न्हाई लागत. मी दर्ग्याकडं चाललो, अन् ते मागं मागं आलं. रोज वेशीपतूर यायचं ना, तसंच. मी चाललो म्हणून ते चाललं, पाव्हणं. मला ओढून न्यायचं पाप तरी लागाया पाहिजे व्हतं, तेवढंबी मुकं जनावर लागू दिना. मी दर्ग्याच्या भिंतीकडं तोंड करून रडलो. लोक म्हणले, बगा, मुंजाजीची किती भक्ती!

मग पंगत. तीन गावं पत्रावळी मांडून बसलेली, अन् समद्यांचे डोळे माझ्या हाताकडं. भुजंगानं मोठ्या मायेनं वाढलं... काय वाढलं असंल? नळी! "दादाची नळी, कुणी हात लावायचा न्हाई!" समोर बायांत कडूबाई, पदर तोंडाशी धरून. मी डोळे मिटले. ठोकली. ओढली.

अन् खरं सांगू का? लय चवदार लागली! एवढी चव उभ्या जन्मात लागली न्हाई मला. कामून न्हाई लागणार? समदं कोवळं पान त्याच्याच पोटात गेलं व्हतं!

दोन दिवसांत हा अंगठा. मग समदे आले समाचाराला. भुजंग ढेकर देत म्हणतो, "दादा, भाजी खाऊन खाऊन अंगातली ताकदच गेली तुझ्या, एक नळी पेलली न्हाई!" सिद्रामप्पा दारातूनच म्हणतो, "मी म्हणलो न्हवतो? आधीचं पोटात हायच!" हकीमसायबाकडं जायचं तोंड न्हाई. तोंड तरी मपलं कुठं राहिलंय? जीभ मपली, हुकूम लोकाचा. अन् ही पेरलेली जमीन परत लोकाच्या पायानं राखायची.

अन् कडूबाई... ती भांडत न्हाई, रडत न्हाई. परवा ताडकळसच्या बाजाराला जाऊन आली, अनवाणी. म्हणती, पीर रुसला, एकात भागलं न्हाई त्याचं. ते बगा, बाजेखाली... जपून, धक्का लावू नका! एक काळं, एक तांबडं. कालपासून माझ्याच पाटीत तोंड घालायलेत. मी नाव ठेवलं न्हाई ह्या खेपंला.

काय म्हणता, निघालात? मग आवतन घिऊनच जा. मी चालाया लागलो की जेवायला या, दोन बोकडं हायती. अन् जेवून दोन दिवसांनी परत एक चक्कर टाका, पाव्हणं... मला बगायला.