डब्यातला कोबी

जर्मनीत झिंडेलफिंगेनला माझं लायसन्स नवीन होतं तेव्हाचं सांगते. थांबलेल्या स्कूलबसच्या बाजूने जोरात गाडी काढली म्हणून दंडाचं पत्र आलं. लायसन्सच जाईल की काय, म्हणून मी तक्रार घेऊन ऑफिसात गेले. मला जर्मन कुठे येतंय? सात वर्षांच्या सईला बोलायला नेलं.

"सांग साहेबांना, आई अगदी हळू चालवत होती."

सई बराच वेळ बोलली. साहेब हसायला लागले.

"काय सांगितलंस गं?"

"खरं तेच. मी बसमध्येच होते ना. तू खिडकीतून डबा दाखवत जोरात गेलीस."

"अगं, तू डबा विसरलीस म्हणून तर बसमागे आले."

"विसरले नव्हते. कोबी होता."

लायसन्स राहिलं, दंड मात्र भरला. मग आठवडाभर रोज कोबीच केला.