बाहेरून आणलेली फाइल

हॅलो?… हां, बोल. … अगं रडतेस कशाला? नीट सांग. … वेबसाइटवर अपॉइंटमेंटचं पान उघडलं, पण कॅलेंडरच येत नाही? बटण दाबलं तरी ढिम्म? … आणि दवाखान्याचे सगळे डॉक्टर समोर बसलेत. वा!

नाही गं, हसत नाहीये. … मग, आता आठवली ताई! काल साहेब सगळ्या ऑफिससमोर काय म्हणाले? "धाकटीचं पान बघा कसं सुटसुटीत, थोरलीने नुसतं ओझं भरून ठेवलंय." तुला बोट धरून हे काम शिकवलं कोणी? मी. आणि टीमची मुख्य कोण होणार? तू! … हो, हो… ऐकतेय. पाच मिनिटं मागून घेतलीस ना? पुरेत.

टेम्प्लेट उघड. अगदी तळाशी जा. फाइली जोडणाऱ्या स्क्रिप्टच्या ओळी दिसतात? कॅलेंडरची फाइल कुठून आणतेस तू? … बाहेरच्या सर्व्हरवरून. मग! तिथल्या मशीनवर बाहेरचं नेट बंद असतं, पेशंटची माहिती असते म्हणून. … आपल्या ऑफिसात चालणारच की. … छे, मोबाइलचं नेट जोडू देणार नाहीत, विचारूसुद्धा नकोस.

पेनड्राइव्हवर माझं फोल्डर आहे ना? … हो, तेच, सगळ्या फाइली आतच भरलेलं, साहेबांनी नापास केलेलं. त्यातली कॅलेंडरची फाइल उचल, आपल्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये टाक. आता त्या ओळीतला बाहेरचा पत्ता खोड, आपल्या फोल्डरचा लिही. … अगं एकेका पानात कशाला? सगळी पानं त्या एका टेम्प्लेटमधूनच निघतात ना! आणि कॅलेंडरची ओळ आधी, तुझी स्वतःची नंतर. उलटं केलंस की पुन्हा बोंब.

रिफ्रेश कर. … आल्या तारखा? … आल्या! हुश्श.

मागे कोण बोलतंय? … "हुशार आहे मुलगी" म्हणाले? बरं, बरं. म्हणू देत.

काय? … नाही गं, अंदाजाने कसं सांगेन? मागच्या महिन्यात मीच नव्हते का गेले तिथे, मशीन बघायला? … हो, नेट बंद असतं ते तेव्हाच कळलं. … तुझी ती बाहेरच्या पत्त्याची ओळ? ती… काल दुपारी बघितली.

नाही सांगितलं. … विसरले नाही गं. जळफळाट झाला माझा! घरी आई आल्यागेल्याला तुझंच कौतुक ऐकवते, इथे साहेबांचंही तेच. म्हटलं, आपटू दे एकदा हिला. … अगं ऐक ना… हो, तुझं नाव गेलं असतं, कळतंय मला. पण फोन केलास तशी धावून आले की नाही? … ऐक, संध्याकाळी घरी बोलू. तू…

काय म्हणालीस? … "थँक यू, मॅडम"? … अगं, मॅडम काय? ताई म्हण ना… हॅलो? … हॅलो?

ठेवला.